एक ठसा, तीन मुक्काम: कापड, पुस्तिका आणि प्रदर्शन

लिनोचा (लिनोलियम या मऊ, सहज कोरता येणाऱ्या साहित्याचा) किंवा लाकडाचा ठसा कोरायचा, कागदावर त्याच्या वीस-पंचवीस प्रती काढून त्यांवर पेन्सिलीने क्रमांक आणि सही घालायची आणि ठसा कपाटात ठेवून द्यायचा, असा बहुतेक छोट्या मुद्राचित्र-कार्यशाळांचा रिवाज आहे. कापडावरची छपाई ही त्यात फावल्या वेळची गंमत समजली जाते आणि पुस्तिका ही प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात घाईने उरकण्याची बाब ठरते. या लेखात सुचवलेली पद्धत याच्या उलट आहे. ठशांचा एकच संच सुरुवातीपासून तिन्ही कामांसाठी कोरावा, तो आधी कापडावर छापून पाहावा, कापडाने दाखवलेले दोष दुरुस्त करून मग त्याची पुस्तिका करावी आणि प्रदर्शनात कापड, पुस्तिका व सुटी मुद्राचित्रे एकाच कामाची अंगे म्हणून मांडावीत. कापड पहिले घेण्याचे कारण सरळ आहे: कागद ठशाच्या पुष्कळ उणिवा पोटात घालतो, कापड एकही घालत नाही.

यासाठी दाबयंत्र असलेच पाहिजे असे नाही. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद असे एक भक्कम टेबल, दोन रबरी रोलर, शाई पसरण्यासाठी काचेचा जाड तुकडा, कोरण्याची चार-पाच हत्यारे, लाकडी चमचा किंवा घासणी आणि ओल्या प्रती वाळवण्यासाठी दोरी-चिमट्यांची सोय असलेली एक खोली एवढ्यावर हे सारे काम होते.

प्रदर्शनाच्या तारखेपासून मागे मोजावे

पहिले काम कोरण्याचे नसून दिनदर्शिकेचे आहे. जवसाच्या तेलात घोटलेली शाई पाण्यासारखी उडून वाळत नाही. हवेतील प्राणवायूशी तिचा संयोग होऊन ती घट्ट होते, आणि या क्रियेला कोरड्या, खेळत्या हवेत आठवडा-दहा दिवस लागत असतील तर कोकणातल्या किंवा मुंबईच्या जुलैत त्याहून पुष्कळ अधिक लागतात. दिवाळीनंतरच्या प्रदर्शनासाठी काम करणाऱ्याने म्हणूनच छपाई पावसाळ्यापूर्वी तरी संपवावी किंवा पावसाळा कोरण्यासाठी राखून ऑक्टोबरच्या उन्हात छापावे; मधल्या दमट महिन्यांत छापलेल्या प्रती एकावर एक रचल्या की चिकटतात आणि कापडावर बुरशीचे ठिपके उमटतात.

प्रदर्शनाच्या तारखेआधीचे तीन आठवडे चौकटी, शिवण, नामपट्ट्या आणि वाहतूक यांसाठी सोडावेत, त्याआधीचे तीन आठवडे पुस्तिकेला द्यावेत आणि त्याच्याही आधीचा महिना कापडाला द्यावा. मुंबईतील जहांगीर कलादालनासारख्या जागांसाठी फार आधी अर्ज करावा लागतो; नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्या रांगेत अर्ज जरूर करावा, पण पहिले प्रदर्शन एखाद्या वाचनालयाच्या सभागृहात, महाविद्यालयात किंवा पुस्तकांच्या दुकानात करावे. पुस्तिका हाताळायला आणि कापड जवळून पाहायला मोठ्या दालनापेक्षा अशी जागा पुष्कळदा अधिक सोयीची असते.

ठसा कोरताना

लिनोलियम हे जवसाचे तेल, बुचाचा (कॉर्कचा) भुगा आणि राळ यांचे मिश्रण तागाच्या कापडावर थापून केलेले असते. फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८६० च्या दशकात ते जमिनीवर अंथरण्यासाठी शोधले आणि चित्रकारांनी ते पुढे आपलेसे केले. आपल्याकडे फरशीच्या दुकानांत ‘लिनोलियम’ म्हणून जे मिळते ते बहुधा पीव्हीसी असते. ते रबरासारखे ओढले जाते आणि त्याची कड स्वच्छ तुटत नाही. खऱ्या लिनोला तेलाचा वास येतो आणि त्याच्या पाठीवर तागाचे विणकाम दिसते, एवढ्या दोन खुणांवरून ते ओळखावे आणि कलासाहित्याच्या दुकानातूनच घ्यावे. साधारण तीन ते चार मिलिमीटर जाडीचा तुकडा या कामाला योग्य आहे. थंडीत तो कडक झाला तर कोरण्याआधी थोडा वेळ उन्हात ठेवावा.

कागदासाठी मिलिमीटरभर खोल कोरले तरी भागते, परंतु कापडाखाली मऊ बैठक असल्यामुळे ते ठशाच्या खळग्यांत शिरते आणि तळाला लागलेली शाई उचलते. म्हणून मोठे पांढरे भाग दोन मिलिमीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ तागापर्यंत खोल काढावेत. रेषांच्या जाडीचाही असाच विचार करावा लागतो: तलम मलमलीवर एक मिलिमीटरची रेषा टिकते, मांजरपाटावर किंवा जाड खादीवर ती सुताच्या उंचवट्यांत तुटते आणि तेथे दोन मिलिमीटरपेक्षा बारीक काही ठेवण्यात अर्थ नाही. कोरलेल्या भिंती आतल्या बाजूला पोखरल्या जाऊ नयेत, तळाकडे रुंदावत जाव्यात. उभ्या किंवा पोखरलेल्या भिंतीची रेषा दाबाखाली वाकते आणि काही छापांनंतर ढासळते.

ठळक काळा-पांढरा विरोध, मोजक्या रुंद रेषा आणि मोकळे अवकाश यांवर उभे असलेले चित्र तिन्ही ठिकाणी चालते. नंदलाल बोस यांचे १९३० च्या दांडीयात्रेवरील गांधीजींचे लिनोकट डोळ्यांसमोर आणावे: काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांनी उभी केलेली ती आकृती पानभर लहान केली काय किंवा चादरीवर छापली काय, वाचली जाईलच. मुंबईत अंधेरीला दीर्घकाळ राहिलेल्या चित्तप्रसाद यांच्या लिनोकटांतही हा गुण आहे, आणि गोल पटाशीची प्रत्येक खूण कशी बोलकी ठेवावी हे शिकण्यासाठी त्यांच्याइतका चांगला शिक्षक मला दुसरा माहीत नाही.

ठशात मराठी अक्षरे कोरायची असतील तर ती आरशातल्यासारखी उलटी हवीत. पारदर्शक कागदावर लिहून तो कागद पालथा घालावा आणि कार्बनने उतरवून घ्यावा, म्हणजे डोक्याला ताण पडत नाही. शिरोरेखा ही येथे मोठी सोय आहे, कारण ती शब्दातील अक्षरांना एकमेकांशी बांधून ठेवते आणि एकटे पडलेले अक्षर तुटण्याचा धोका कमी करते. अनुस्वार, नुक्ता आणि चंद्रबिंदू मात्र सुटे उभे राहतात. ते पहिल्यांदा उडतात, म्हणून लिहिण्यात असतात त्याच्या दीडपट मोठे ठेवावेत आणि त्यांच्याभोवतीचा लिनो एकदम न काढता उतरता काढावा. ऱ्हस्व-दीर्घ उकारांना खाली आणि मात्रांना वर पुरेशी जागा सोडावी. बोटाच्या पेराहून लहान अक्षरे कोरण्याचा हट्ट धरू नये.

ठसा कापडावर वरून टेकवायचा असल्यामुळे लिनोच्या पाठीवर बारा मिलिमीटर जाडीचे प्लायवूड चिकटवावे आणि मागे धरण्यासाठी लाकडी मूठ बसवावी. पुस्तिकेसाठी लागणारे ठसे मात्र सपाट पाठीचेच हवेत, म्हणून मूठ स्क्रूने बसवावी आणि नंतर काढून घ्यावी. सागवानी किंवा शिसवी ठसा करणाऱ्याने तो कोरल्यावर दहा-पंधरा दिवस तेलात मुरवावा. मोठ्या भरीव आकारांच्या ठशात अडकलेली हवा बाहेर पडण्यासाठी आरपार छिद्रे ठेवण्याची राजस्थानी छिप्यांची, म्हणजे ठशांनी कापड छापणाऱ्या कारागिरांची, युक्तीही जरूर उचलावी.

कापड

कापडाची निवड खर्चावरून नव्हे, विणीवरून करावी. घट्ट आणि एकसारख्या विणीची मलमल किंवा केंब्रिक सर्वांत आज्ञाधारक असते. मांजरपाट स्वस्त आहे, त्याचा मळकट पांढरा रंग काळ्या शाईला फार शोभतो आणि भिंतीवर टांगायच्या मोठ्या पटासाठी तेच घ्यावे असे माझे मत आहे. हातमागाच्या खादीत सुताची जाडी जागोजाग बदलते. ती बदलती जाडी छापात दिसावी अशी इच्छा असेल तरच खादी वापरावी. पॉलिस्टर मिसळलेले कापड या कामात नकोच.

बाजारातून आलेल्या कोऱ्या कापडात खळ असते आणि खळीवर बसलेला रंग पहिल्या धुण्यात खळीबरोबर निघून जातो. कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवावे. दुसऱ्या दिवशी लिटरला पाचेक ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून तासभर उकळावे आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळून घ्यावे. वाळल्यावर त्यावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा: तो लगेच शोषला गेला तर कापड तयार आहे, मण्यासारखा उभा राहिला तर पुन्हा उकळावे. पन्हा मोजायचा तो या धुण्यानंतरच, कारण सुती कापड आटते. ११२ सेंटिमीटर पन्ह्याचे कापड आटून १०८ वर आले तर १८ सेंटिमीटरचा ठसा त्यावर सहा वेळा बरोबर बसतो. हा हिशेब कोरण्याआधी केला असेल तर शेवटच्या रांगेत अर्धवट आकृती उरत नाही. याच कारणासाठी कापड आधी घ्यावे, धुवावे आणि मगच ठशाचे माप ठरवावे.

छपाईच्या टेबलावर तरटाचे दोन थर, त्यावर जुन्या घोंगडीचा एक आणि सर्वांत वर ताणून बसवलेले मांजरपाट अशी बैठक करावी. बैठक मऊ हवी, पण हाताने दाबल्यावर बोटे रुतावीत इतकी नको. कापड ताणा सरळ ठेवून टाचण्यांनी पक्के करावे आणि पांढऱ्या खडूने घासलेले सूत ताणून, टिचकी मारून, पहिल्या रांगेची रेघ आखावी. ही एक रेघ वाकडी गेली तर पुढच्या सगळ्या रांगा तिच्यामागे वाकड्या जातात.

आता रंग. लिनोच्या ठशासाठी तेलाची मुद्रणशाईच वापरावी, कारण अॅक्रिलिकचा रंग बारीक खाचांत वाळून बसला की तो काढताना ठसा जखमी होतो. काचेवर शाई इतकी पातळ पसरावी की रोलर फिरताना सळसळ असा एकसारखा आवाज यावा. चिकट, फाटल्यासारखा आवाज आला तर शाई जास्त आहे. कापडावर जाड थर दिला तर तेल फुटून आकृतीभोवती पिवळसर कडे येते, आणि हे कडे आठवड्याने उमटत असल्यामुळे छापतानाच्या आनंदात ते कोणाच्या लक्षात येत नाही. ठसा रेघेवर नेमका टेकवून मुठीने किंवा रबरी हातोडीने मध्यापासून कडांकडे ठोकावा. फूटभराहून मोठ्या ठशावर फळी ठेवून चक्क उभे राहावे. त्याइतका समान दाब हाताने मिळत नाही. ठसा उचलताना एका कडेने उचलावा, म्हणजे कापड त्याच्याबरोबर वर येत नाही.

छापलेले कापड दोन आठवडे टांगून ठेवावे, मग त्यातला एक तुकडा सौम्य साबणाने धुऊन आणि पांढऱ्या फडक्याने घासून रंगाचा पक्केपणा पाहावा. टांगायच्या पटाला ही परीक्षा तितकी महत्त्वाची नाही, परंतु पिशव्या, रुमाल किंवा पुस्तकाचे कापड करायचे असेल तर टाळू नये.

लाकडी ठसे असतील तर याहून जुनी आणि माझ्या दृष्टीने अधिक सुंदर वाट मोकळी आहे, ती हिरड्याची. सह्याद्रीत विपुल असलेला आणि काष्ठौषधींच्या कोणत्याही दुकानात मिळणारा हिरडा टॅनिनने भरलेला असतो. कापडाच्या वजनाच्या पंधरा ते वीस टक्के हिरड्याची पूड कोमट पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, त्यात स्वच्छ केलेले कापड बुडवावे, पिळावे आणि न खळबळता उन्हात पसरून वाळवावे. कापड फिकट पिवळे होते. दुसरीकडे गंजलेले खिळे, पत्र्याचे तुकडे, गूळ आणि पाणी मातीच्या मडक्यात दोन-तीन आठवडे आंबवत ठेवावे. हे पाणी गाळून चिंचोक्याच्या पुडीच्या लापशीने दाट केले की काळ्याची लुगदी तयार होते. ठशाने ती हिरड्याच्या कापडावर उमटवली की आधी करडी दिसते आणि हवेत काही तासांत गडद काळी होत जाते, कारण लोखंड आणि टॅनिन यांचा संयोग कापडाच्या तंतूतच घडत असतो. काळा नीट येतो की नाही हे आधी चिंधीवर पाहावे, करडाच राहिला तर मडके आणखी आठवडाभर ठेवावे. लोखंड प्रमाणाबाहेर झाले तर वर्षांनी काळ्या भागातले सूत कुजते. जुन्या छापील वस्त्रांत फक्त काळी रेषा तेवढी झिजून गेलेली दिसते ती यामुळे.

लाल हवा असेल तर तुरटीचे पाणी त्याच लापशीत दाट करून छापावे. तुरटीला स्वतःचा रंग नसतो, म्हणून छाप दिसावा यासाठी तिच्यात चिमूटभर गेरू मिसळतात. तीन-चार दिवसांनी कापड भरपूर वाहत्या पाण्यात धुवावे, जादा तुरटी निघून जाऊ द्यावी, आणि मंजिष्ठेच्या पाण्यात, उकळी फुटू न देता, तासभर फिरवावे. जेथे तुरटी तेथेच लाल चढतो. बगरूचे छिपे आणि कच्छमधील अजरखचे कारागीर याच दोन क्षारांवर, लोखंड आणि तुरटीवर, आपले काळे-तांबडे जग उभे करत आले आहेत. या कामाची भांडी स्वयंपाकघरात परत जाता कामा नयेत.

साफसफाईबद्दल दोनच गोष्टी, पण त्या कठोरपणे पाळाव्यात. लिनोवर धुण्याचा सोडा किंवा कॉस्टिक असलेले कोणतेही द्रव्य लावू नये, कारण अशा अल्कधर्मी द्रव्याने लिनो मऊ होऊन झिजतो. आधी खाद्यतेलाने शाई सैल करावी, मग भांड्यांच्या सौम्य साबणाने ठसा पुसून लगेच कोरडा करावा. आणि जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत: वाळताना त्यांत उष्णता साठते आणि त्या आपोआप पेटू शकतात. त्या सुट्या पसरून उघड्यावर वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकाव्यात.

पुस्तिका

कापडावर वीसेक छाप झाले की ठशाचे खरे गुणदोष कळलेले असतात. कोणती रेषा भरून येते, कोठे तळाची शाई लागते, कोणता अनुस्वार उडाला, हे पाहून दुरुस्ती करावी आणि मगच कागद हाती घ्यावा. छोट्या प्रकाशनाची आपल्याकडची परंपरा चांगली जुनी आहे. गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत १८३१ साली मराठी पंचांग शिळाछापावर छापले, तेव्हा शाई आणि यंत्र यांची जुळवाजुळवही त्यांनी स्वतःच केली होती. मुद्राचित्रकाराला पुस्तक काढायला प्रकाशकाची वाट पाहावी लागत नाही, एवढे त्या उदाहरणावरून घ्यावे.

पहिल्या पुस्तिकेसाठी एका कागदाची आठ पाने ही रचना घ्यावी. ए-३ आकाराचा कागद आडवा ठेवून त्याचे चार स्तंभ आणि दोन ओळी असे आठ समान भाग केले की प्रत्येक भाग ए-६ आकाराचा होतो. खालच्या ओळीत डावीकडून मलपृष्ठ, मुखपृष्ठ, दुसरे पान आणि तिसरे पान येते. वरच्या ओळीत डावीकडून सातवे, सहावे, पाचवे आणि चौथे पान येते, आणि ही चारही पाने खाली डोके वर पाय अशी उलटी असतात. मधल्या आडव्या घडीवर फक्त मधल्या दोन स्तंभांपुरता काप द्यावा, कागद लांबीत दुमडावा आणि दोन्ही टोके आत ढकलावीत, म्हणजे अधिक चिन्हासारखा आकार होऊन पाने आपोआप जुळतात. या रचनेचा मोठा फायदा असा की सगळी छपाई कागदाच्या एकाच बाजूला होते. आठ छोटे ठसे पुठ्ठ्याच्या चौकटीत पक्के बसवून एकाच दाबात संपूर्ण पुस्तिका छापता येते, शिवण लागत नाही आणि घडी उलगडली की तीच पुस्तिका भिंतीवर लावता येते.

कागद शंभर ते एकशेवीस जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) असावा; दीडशेच्या वर गेला की घड्या फुगतात आणि शाई घडीवर तडकते. कागदाला धार असते, म्हणजे त्यातील तंतू एका दिशेने पडलेले असतात, आणि कण्याची घडी त्या दिशेलाच समांतर हवी. हातात हलकेच वाकवून पाहिल्यावर ज्या दिशेच्या घडीवर कागद सहज वाकतो ती त्याची धार समजावी. पुण्याच्या हातकागद संस्थेने १९४० पासून जपलेला किंवा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीत होणारा हातकागद मुखपृष्ठासाठी देखणा दिसतो. आतल्या पानांना, विशेषतः बारीक कोरीवकाम असेल तर, त्याचा खडबडीत पृष्ठभाग त्रासदायक ठरतो. दाबयंत्र नसलेल्याने पातळ पण चिवट नेपाळी लोकता कागद अवश्य वापरून पाहावा: त्याच्या पाठीवर चमच्याने घासताना शाई कोठे बसली आणि कोठे नाही हे आरपार दिसते.

कागदाची जागा प्रत्येक वेळी तीच राहावी यासाठी टेबलावर जाड पुठ्ठ्याचा एक काटकोनी कोपरा आणि त्याच कडेला थोड्या अंतरावर एक सरळ पट्टी चिकटवावी. जपानी लाकूडछपाईत शतकानुशतके चालत आलेली ही खूण दोन-तीन रंगांच्या कामातही पुरेशी अचूक असते. मोठा मजकूर असेल तर तो कोरू नये. एखादा खिळ्यांचा जुना छापखाना अजून चालू असेल तर तेथे जुळवून घ्यावा, नसेल तर संगणकावर जुळवून आधी छापून आणावा आणि त्याच कागदांवर नंतर ठसे उमटवावेत. क्रम उलटा केला तर ओली शाई छपाईयंत्राच्या रुळांना लागते आणि पुढच्या खेपेला छापखानेवाला कागद आत घेत नाही.

आठांहून अधिक पाने हवी असतील तर पानांची संख्या चाराच्या पटीत ठेवून, घडीवर पाच छिद्रे टोचून, मेण लावलेल्या दोऱ्याने दाभणात ओवून शिवावे. येथे कापडाच्या कामात उरलेले तुकडे उपयोगी येतात. छापलेला तुकडा ओला करून गुळगुळीत सनमायकावर उलटा पसरावा, पातळ कागदाला गव्हाच्या सत्त्वाची खळ लावून तो कापडाच्या पाठीवर बसवावा, ब्रशने हवा काढावी आणि दिवसभर वाळू द्यावे. असे कापड पुठ्ठ्यावर चढवताना खळ आरपार येत नाही. आपले बाइंडर कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. हिशेबाच्या वह्यांना ते ठीक आहे, पण तांब्याचा अंश कागदाला काळाच्या ओघात ठिसूळ करतो, म्हणून मुद्राचित्रांच्या पुस्तिकेत तो टाळून रोजची ताजी खळ शिजवावी.

शेवटच्या पानावर ठसा कशाचा, कागद आणि कापड कोणते, शाई कोणती, किती प्रती, कोठे आणि कोणत्या साली छापले हे चार ओळींत लिहावे. दुकानांत आणि ग्रंथालयांत जाणार असलेल्या पुस्तकासाठी राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, विनामूल्य मिळतो. हातोहात देण्याच्या आठ पानांना त्याची गरज नाही. रीतसर प्रकाशित केलेल्या पुस्तकाच्या प्रती १९५४ च्या कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायच्या असतात, आणि त्यांत मुंबईचे एशियाटिक सोसायटीतील मध्यवर्ती ग्रंथालय आहे. छोट्या प्रकाशकांनी हे टाळू नये, कारण घरोघरी गेलेल्या प्रती हरवतात आणि ग्रंथालयातली बहुधा राहते.

क्रमांक, सही आणि प्रदर्शन

कागदावरील प्रतीवर डावीकडे क्रमांक, मध्ये शीर्षक आणि उजवीकडे सही व साल पेन्सिलीने लिहावे. एकूण वीस प्रती असतील तर ‘३/२०’ याचा अर्थ विसांपैकी तिसरी, आणि कलावंताच्या स्वतःच्या प्रती साधारण दहा टक्क्यांहून अधिक नसाव्यात. कापडाच्या बाबतीत एक प्रामाणिक अडचण येते. तोच ठसा वेगवेगळ्या विणीवर, वेगवेगळ्या रांगांत छापला की एकही पट दुसऱ्यासारखा नसतो, तेव्हा त्यांना एकसारख्या प्रतींचा क्रमांक देणे ग्राहकाला फसवल्यासारखे आहे. प्रत्येक पट स्वतंत्र मानावा, मागच्या बाजूला छोटी पट्टी शिवून तिच्यावर शीर्षक, साल आणि सही घालावी आणि हा ठसा कागदी आवृत्तीतही वापरला आहे असे स्पष्ट लिहावे. आवृत्ती संपल्यावर ठसा रद्द करण्याची, म्हणजे त्यावर आडवी खूण कोरण्याची प्रथा आहे. ठसा कापडासाठी पुढेही वापरायचा असेल तर रद्दबातल केला असे सांगू नये, कागदावरची आवृत्ती बंद केली एवढेच सांगावे.

मांडणीत कापडाला चौकट आणि काच देण्याचा मोह आवरावा. वरच्या कडेला पाच-सहा सेंटिमीटर रुंद नेफा शिवून त्यात लाकडी काठी घालावी, खालच्या कडेला हलकी पट्टी घालावी आणि पट भिंतीपासून बोटभर सुटा टांगावा, म्हणजे माणूस जवळून गेला की तो किंचित हलतो. काठी नको असेल तर वेल्क्रोची मऊ बाजू निवारीच्या पट्टीवर शिवून ती पट्टी पटाच्या मागे टाचावी आणि खरखरीत बाजू भिंतीवरच्या लाकडी पट्टीला ठोकावी. कागदी चित्रांना आम्लरहित माउंट द्यावा. ती चिकटपट्टीने कधीही लावू नयेत, पातळ जपानी कागदाच्या बिजागऱ्या आणि गव्हाची खळ वापरावी. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर आला की बहुतेकांना मान न वाकवता पाहता येते. वनस्पतिजन्य रंगांच्या कापडावर आणि कागदावर प्रकाश ५० लक्सच्या आसपास ठेवावा आणि खिडकीतले ऊन त्यांवर पडू देऊ नये, कारण उडालेला रंग परत आणण्याचा उपाय नाही.

कापड आणि छापील चित्र यांचे नाते प्रेक्षकाला परके नसते. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत सुरू केलेल्या आणि पुढे मळवलीला हलवलेल्या छापखान्यातील लक्ष्मी-सरस्वतींच्या तसबिरींवर लोक खऱ्या कापडाचे, जरी-टिकल्यांचे वस्त्र चिकटवत असत. अशा सजवलेल्या तसबिरी आजही जुन्या घरांत सापडतात. म्हणून प्रदर्शनात कापडाचा एक धुतलेला तुकडा ‘हात लावून पाहा’ अशा पाटीसह टांगावा, पुस्तिकेची एक प्रत दोऱ्याने बांधून टेबलावर ठेवावी आणि तिच्या शेजारी शाई पुसलेला मूळ ठसा ठेवावा. पाहणाऱ्याने उलटे अक्षर बोटाने वाचले की तंत्राबद्दलची लांबलचक पाटी लिहावी लागत नाही. नामपट्टीवर ‘मिश्र माध्यम’ असे न लिहिता ‘हिरडा व लोखंड, मांजरपाटावर लाकडी ठसा’ असे लिहावे. किंमत ठरवताना पुस्तिका विद्यार्थ्यालाही घेता येईल अशी ठेवावी, सुटी चित्रे त्याहून महाग आणि मोठे पट सर्वांत महाग ठेवावेत. पुस्तिका स्वस्त ठेवल्याने चित्रांचे मोल घसरते ही भीती निराधार आहे, कारण आज पुस्तिका घेणाराच पुढे चित्र घेतो.

प्रदर्शन उतरवल्यावर पट घडी करून ठेवू नयेत. आठ-दहा सेंटिमीटर व्यासाच्या नळीवर, छापलेली बाजू बाहेर ठेवून, मध्ये धुतलेली कोरी मलमल घालत गुंडाळावेत आणि वरून सुती कापडाची खोळ घालावी. प्लास्टिकची नको, कारण तिच्यात पावसाळ्यात दमटपणा कोंडतो. लिनोचे ठसे सपाट ठेवावेत, त्यांच्यामध्ये कोरा कागद घालावा आणि ते उन्हापासून दूर ठेवावेत, कारण जुना लिनो वाळून ठिसूळ होतो आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा छापायला घेतल्यावर कडेने तुटतो. प्रत्येक ठशाच्या पाठीवर कोणत्या कापडावर किती वेळा छापला आणि कोठे दुरुस्त केला याची नोंद पेन्सिलीने करून ठेवावी, म्हणजे पुढच्या प्रदर्शनाचा हिशेब तेथून सुरू करता येतो.